नोरोव्हायरसवर प्रयोग करायचाय: मांजराचा विषाणू घ्यावा, उंदराचा की मानवी आतड्याच्या पेशी?

जंतुनाशक तपासायचं असो की प्रबंध लिहायचा असो, नोरोव्हायरसवर, म्हणजे उलट्या-जुलाबांची साथ पसरवणाऱ्या विषाणूवर, काम करणाऱ्याला आधी ठरवावं लागतं की प्रयोग कशावर करायचा. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात नॉरवॉकच्या शाळेत १९६८ साली साथ आली, १९७२ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विषाणू दिसला. पण नेहमीच्या पेशीसंवर्धनात तो काही वाढेना. मग त्याच्या भाऊबंदांवर भागवणं आलं.

सगळ्यात सोपा मांजराचा कॅलिसिव्हायरस. मांजराच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर तो झटपट वाढतो आणि जंतुनाशकांच्या चाचण्यांत वर्षानुवर्षं वापरला गेलाय. अडचण अशी की हा श्वसनमार्गाचा विषाणू आहे, आम्लात टिकत नाही. नोरोव्हायरस मात्र जठरातून सुखरूप आतड्यात पोचतो. त्यामुळे आम्लयुक्त द्रावण मांजराच्या विषाणूवर शंभर टक्के यशस्वी ठरलं, तरी त्यावरून मानवी विषाणूबद्दल फारसं काही म्हणता येत नाही.

उंदराचा नोरोव्हायरस २००३ मध्ये सापडला. तो खरोखर याच कुळातला, आम्लाला दाद न देणारा, आणि जिवंत उंदरात प्रतिकारशक्तीचा अभ्यास करायचा तर पहिली पसंती त्यालाच. पण अल्कोहोलपुढे तो लवकर हार मानतो. म्हणून सॅनिटायझरचा दावा एकट्या त्याच्या भरवशावर केलेला दिसला, की मी अहवाल बाजूला ठेवतो. माकडांत सापडलेला तुलान विषाणू रक्तगटाच्या शर्करांना चिकटतो, म्हणजे पेशीला चिकटण्याच्या बाबतीत मानवी विषाणूच्या जवळचा. या तिघांत मला तोच उजवा वाटतो.

मानवी आतड्याच्या मूळपेशींपासून वाढवलेले एन्टरॉइड, म्हणजे आतड्याच्या अस्तराच्या छोट्या प्रतिकृती, हा वेगळाच मामला. ह्यूस्टनच्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयात मेरी एस्टिस यांच्या गटाने २०१६ मध्ये त्यांवर खरा मानवी विषाणू वाढवून दाखवला. काही प्रकारांना त्यासाठी पित्त लागतं, जीआयआय.४ प्रकार पित्ताशिवायही वाढतो. ज्या दात्याचं एफयूटी२ जनुक (आतड्याच्या पेशींवर रक्तगटाच्या शर्करा बनवायला लागणारं) निष्क्रिय, त्याच्या पेशींत जीआयआय.४ सहसा वाढत नाही. अशी माणसंही त्या प्रकारापासून बरीचशी सुरक्षित असतात. क्लोरीनने विषाणू निष्प्रभ होतो, अल्कोहोलने पुरता होत नाही, हेही याच पेशींवर थेट दिसलं. तोटेही तसेच: वाढघटक महाग, विषाणूची वाढ मर्यादित, आणि एका खेपेतून दुसऱ्या खेपेत तो हवा तितका नेता येत नाही. रुग्णांच्या विष्ठेचे नमुने साठवून ठेवावेच लागतात.

झेब्राफिश या छोट्या माशाच्या अळ्यांत २०१९ पासून मानवी विषाणू वाढवता येतो. विषाणूविरोधी औषधं चाळायला ते सोयीचं, जंतुनाशकाला नाही. आरटी-पीसीआरबद्दल एवढंच की तो जनुकीय आरएनए मोजतो. विषाणू जिवंत की मेलेला, हे त्याला कळत नाही.

पैसा आणि वेळ तुटपुंजा असेल तर चाळणीसाठी तुलान आणि उंदराचा असे दोन्ही विषाणू घ्या. दोघांच्या निकालात तफावत आली तर तिथे थांबा. 'नोरोव्हायरस मारतो' असं छापायचं असेल, तर एन्टरॉइडवरची चाचणी टाळू नका, भले ती दुसऱ्या प्रयोगशाळेकडून करून घ्यावी लागली तरी. फक्त प्रतिकारशक्तीचा प्रश्न असेल, तर एन्टरॉइड सोडा: त्यांत रोगप्रतिकारक पेशीच नसतात, उंदीरच बरा.