रायगड पाहायचा तर महादरवाजातून

हिरकणीवाडीहून सुटणारा रोपवे काही मिनिटांत माणसाला गडमाथ्यावर पोहोचवतो, आणि थकल्याभागल्या वडीलधाऱ्यांना त्याने रायगडाचे दर्शन घडवले याबद्दल त्याचे ऋण मानलेच पाहिजे. परंतु १६७४ मध्ये जिथे शिवराज्याभिषेक झाला त्या राजधानीचे रक्षण कसे होत असे हे ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याने पायऱ्यांचीच वाट धरावी. रोपवेने गेलेल्याला राजसदर, नगारखाना, बाजारपेठ आणि जगदीश्वर पाहता येतो, पण ज्या बंदोबस्ताच्या भरवशावर हे सारे उभे होते तो खालीच राहून जातो.

खूबलढा बुरूज मागे टाकून बरीच चढण चढली तरी महादरवाजा नजरेस पडत नाही. शेवटी वाट वळते आणि दोन प्रचंड बुरुजांच्या कवेत दडलेली कमान एकदम समोर येते. हत्तीला धाव घेऊन धडक द्यायला इथे जागा नाही आणि दूरवरून तोफेने दारावर नेम धरण्याचीही सोय नाही. दर्शनी भागावर कोरलेली कमळे सगळेच पाहतात. त्यांच्याइतक्याच निगुतीने तटातल्या उतरत्या जंग्या, म्हणजे मारा करण्यासाठी ठेवलेली भोकेही पाहावीत, कारण त्यांतून आतल्या शिबंदीला खालची वाट दिसे, पण खालच्या शत्रूला आतला माणूस दिसत नसे. इथून तट एकीकडे टकमक टोकाकडे आणि दुसरीकडे हिरकणी बुरुजाकडे जातो. जिथे सरळसोट कडाच पुरेसा होता तिथे दगड खर्ची न घालण्याचा गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचा विवेक मला त्या दरवाजाइतकाच थोर वाटतो.

माथ्यावरून पूर्वेचा लिंगाणा किल्ला आणि जवळचा पोटल्याचा डोंगर आवर्जून पाहावा. लिंगाणा राजधानीचा पहारेकरी होता, तर १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी पोटल्यावरूनच तोफा डागल्या, वाडे जळाले आणि गड पडला. दरवाजे अभेद्य असले तरी शेजारचा डोंगर तोफेच्या पल्ल्यात आला की काय होते, हे त्या जागी उभे राहिल्यावर मनाला चटका लावून जाते.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला तो त्यांच्या लष्करी रचनेसाठी, आणि रायगड त्यांत आहे. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात, उन्हाळ्यात वाटेवर सावली कमी; म्हणून हिवाळ्यात पहाटे निघावे आणि पूर्ण दिवस राखून ठेवावा. ज्यांना सारी चढण झेपणार नाही त्यांनी रोपवेने वर जावे, पण हत्ती तलावाजवळून महादरवाजापर्यंत उतरून तेवढी वाट तरी पायी चढावी.