बंगल्याच्या आवारातला स्विमिंग पूल: पुण्यातल्या ठेकेदारांच्या कामाचं परीक्षण

बाणेर-बावधनपासून मुळशीच्या फार्महाउसपर्यंत पूल बांधून देणारे पुण्यात पुष्कळ आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांना आपापलं काम चांगलं येतं, तरीही या कामाइतकी भांडणं घरबांधणीच्या दुसऱ्या कुठल्या कामात क्वचितच होतात. एकाच खड्ड्यात खोदाईवाला, आरसीसीवाला, फिल्टरचं पाइपकाम करणारा आणि वॉटरप्रूफिंग-टाइल्सवाला असे चौघे उतरतात. गळती लागली की चौघंही एकमेकांकडे बोट दाखवतात आणि तोवर दोष टाइल्सखाली गेलेला असतो. म्हणून इथे कसोटी एकच लावली आहे: मागच्या थराची चाचणी घेऊन, ती कागदावर आणून, मगच पुढच्या हप्त्याचे पैसे घ्यायला ठेकेदार तयार आहे का?

हिशेबासाठी बंगल्यात शोभेल असं माप धरू: ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, सरासरी १.३५ मीटर पाणी. म्हणजे सुमारे ४३,००० लिटर, १०,००० लिटरचे चार-साडेचार टँकर.

सेवा ढोबळमानाने चार प्रकारची मिळते. बंगला बांधणाऱ्या ठेकेदारालाच पूल दिला तर दर सगळ्यात कमी पडतो आणि माणसं आधीच साइटवर असतात. पण सवयीनं तो छताच्या स्लॅबचंच गणित इथे लावतो: हलक्या ग्रेडचं काँक्रीट, सळईवर जेमतेम कव्हर (सळईबाहेरचा काँक्रीटचा थर), पाइप नंतर छिन्नीनं फोडून बसवायचे. उपकरणांचा विक्रेता पंप-फिल्टर उत्तम देतो, बसवूनही देतो, पण टाकी गळली तर तो त्याचा विषय नसतो. एफआरपीचा (फायबरग्लासचा) तयार साचा महिन्या-दोन महिन्यांत पोहण्याजोगा होतो. मात्र तो ट्रेलरवरून येतो आणि क्रेननं उतरतो, त्यामुळे कोथरूडच्या आतल्या गल्ल्यांत तो वळवणंच अवघड. चौथी टर्नकी सेवा. ती महाग असते, पण खोदाईपासून पहिल्या क्लोरीनपर्यंत जबाबदारी एकाच माणसाची, आणि आमची शिफारस तिचीच. फक्त कोटेशनच्या शेवटच्या पानावर ‘सिव्हिल काम मालकाकडे’ अशी ओळ नाही ना, ते आधी पाहा. ती ओळ असेल तर टर्नकीचे पैसे देऊन तुम्ही उपकरणांचा विक्रेताच आणलेला असतो.

खोदाईचे ब्रास

पहिला वाद खड्ड्यावरच होतो. वरच्या मापाला चारी बाजूंनी काम करायची जागा, तळाचा स्लॅब आणि पीसीसी (त्याखालचा साध्या काँक्रीटचा थर) धरून खड्डा साधारण ९.६ बाय ५.६ मीटर आणि पावणेदोन मीटर खोल लागतो. हे झाले ९४ घनमीटर, म्हणजे ३३ ब्रास (१ ब्रास म्हणजे १०० घनफूट). मुरमाचा दर वेगळा, ब्रेकर लावून फोडायच्या काळ्या पाषाणाचा कितीतरी जास्त. करारात ‘दगड लागल्यास जादा’ एवढंच असेल तर बिलात अख्खा खड्डा पाषाणाचा होतो. मुरूम संपून पक्का खडक लागला की त्याच दिवशी चार कोपऱ्यांत आणि मध्यभागी लेव्हल घ्या, स्टाफ (लेव्हल मोजायची पट्टी) उभी धरून फोटो काढा, मोजमापाच्या कागदावर दोघांच्या सह्या करा. डंपरच्या खेपा मोजून पैसे देऊ नका. फोडलेला खडक मूळ आकारमानाच्या दीडपटीपर्यंत फुगतो. पैसे खड्ड्याच्या मापाचे द्यायचे असतात, गाडीतल्या ढिगाचे नाहीत.

वाघोली, लोणी काळभोरच्या बाजूला काळी माती लागली तर ती पूर्ण काढायलाच हवी. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावर बसवलेला तळ तडकतो. पक्क्या मुरमापर्यंत जाऊन, लागेल तितका मुरूम १५-२० सेंटिमीटरच्या थरांत पाणी मारून दाबून भरायचा. या जादा कामाचा दर सुरुवातीलाच लिहून घ्यावा.

काँक्रीट

भिंती आणि तळ २०० मिलिमीटरचे धरले तर साधारण १४ घनमीटर काँक्रीट लागतं. पाणी साठवणाऱ्या आरसीसीसाठी भारतीय मानक ३३७० आहे. काँक्रीट एम-३० ग्रेडच्या खाली घेऊ नका, कव्हर ४५ मिलिमीटर ठेवा, आणि कव्हर ब्लॉक बसवलेले स्वतः बघितल्याशिवाय ओतकाम सुरू होऊ देऊ नका. आरएमसीच्या (प्लँटवरून तयार येणाऱ्या काँक्रीटच्या) गाडीत साइटवर पाणी ओतायचं नाही, कितीही घट्ट वाटलं तरी. पातळपणा हवा असेल तर प्लँटवरूनच अॅडमिक्श्चर (काँक्रीटमध्ये मिसळायचं रसायन) घालून मागवायचं. क्यूब (त्याच काँक्रीटचे नमुन्याचे ठोकळे) ७ आणि २८ दिवसांच्या चाचणीसाठी भरायचे आणि लॅबचा अहवाल थेट मालकाकडे यायला हवा.

काँक्रीट बहुधा तळ किंवा भिंतीच्या पोटातून गळत नाही, सांध्यातून गळतं. तळाबरोबरच भिंतीचा १५० मिलिमीटरचा किकर (भिंतीचा तळालगतचा भाग) एकसंध ओतायचा आणि त्याच्या वरच्या सांध्यात वॉटरबार (पाणी अडवणारी पट्टी) बसवायचा. मग येतात शटरिंगच्या दोन बाजू बांधून धरणाऱ्या टाय रॉडची भोकं. नेहमीची पद्धत अशी की भिंतीतून आरपार पीव्हीसी पाइपचा तुकडा टाकतात, त्यातून रॉड घालतात आणि नंतर भोक सिमेंटनं बुजवतात. असं प्रत्येक भोक ही गळतीची जागा. मध्यभागी पाणी अडवणारी चकती असलेले टाय मागा. त्यांचा जादा खर्च एकूण कामात नगण्य आहे. तिसरी जागा पाइपची. इनलेट, स्किमर (वरच्या थरातलं पाणी ओढणारं तोंड), मेन ड्रेन (तळाचं ओढीचं तोंड), दिव्याचे डबे हे सगळं ओतकामाच्या आधी पडल फ्लँजसह (पाइपाभोवती पाणी अडवणाऱ्या चकतीसह) सळईत बांधलेलं हवं. फिल्टरवाल्याला ओतकामानंतर बोलावणं ही पुण्यात सर्रास दिसणारी चूक आहे, आणि फोडून बसवलेला पाइप पुढे पॉलिमर ग्राउट भरूनही भरवशाचा होत नाही.

पीपीसी (फ्लाय अॅश मिसळलेलं) सिमेंट असेल तर क्युरिंग किमान १० दिवस, उन्हाळ्यात १४. तळावर पाणी उभं ठेवायचं, भिंतींना गोणपाट.

दोन चाचण्या

पाइपांची चाचणी ओतकामाआधी: सगळी तोंडं बंद करून दर चौरस सेंटिमीटरला ३ किलोचा दाब, २४ तास, आणि काँक्रीट पडत असतानाही गेज लावलेलाच. व्हायब्रेटरचा धक्का लागून सांधा सुटला तर काटा तिथल्या तिथे पडतो.

टाकीची चाचणी वॉटरप्रूफिंगच्या आधी, आणि बाहेरची भरणी करण्याच्याही आधी. पूर्ण भरून काँक्रीटला पाणी पिऊ द्यायला ७ दिवस, मग पुढचे ७ दिवस रोज ठरलेल्या वेळी पातळीची नोंद. यात टँकरचा खर्च होतो आणि दोन आठवडे जातात, म्हणून ठेकेदार ‘वॉटरप्रूफिंग आहे ना’ म्हणून टाळतो. तिथे अडून बसा. बाहेरची माती भरलेली नसली तर ओल कुठून येते ते भिंतीवर डोळ्यांना दिसतं. भरल्यावर नुसता अंदाज उरतो. पाणी वाया जाऊ नये म्हणून तेच क्युरिंगला आणि पुढच्या कामाला वापरायचं नियोजन आधीच करावं.

‘वॉटरप्रूफिंगची १० वर्षं गॅरंटी’ हे वाक्य सगळ्यांच्याच पत्रकात असतं. ती बहुतेक वेळा रसायनापुरती असते. गळती निघाल्यास टाइल्स काढणं, पुन्हा लावणं आणि पूल पुन्हा भरणं यांचा खर्च कोणाचा, हे त्याच कागदावर लिहून घ्या.

तयार पूलमध्ये गळतीचा संशय आला तर ठेकेदाराला बोलावण्यापूर्वी बादली चाचणी करा. पायरीवर बादली ठेवून ती आतून पूलच्याच पातळीपर्यंत भरा, दोन्हीकडे खूण करा. २४ तास पंप चालू ठेवून बघा, मग तितकेच तास बंद ठेवून. एप्रिल-मे महिन्यांत पुण्याच्या कोरड्या हवेत बरंच पाणी नुसतं उडून जातं. बादलीतलं आणि पूलमधलं सारखंच उतरलं तर गळती नाही. पंप चालू असताना पूल जास्त उतरला तर दोष परतीच्या, म्हणजे दाबाच्या पाइपात. दोन्ही वेळा सारखाच उतरला तर टाकीत किंवा फिटिंगमध्ये. मग पंप बंद ठेवून पातळी कुठे येऊन थांबते ते बघायचं. स्किमरच्या तोंडाशी थांबली तर स्किमर, दिव्याच्या उंचीला थांबली तर दिव्याची केबल जाते तो कंड्युइट, जो सील करायला इलेक्ट्रिशियन हमखास विसरतो. संशयाच्या जागी शांत पाण्यात खायच्या रंगाचे दोन थेंब सोडले की रंग आत ओढला जातो. या नोंदी हातात असल्या की ‘आमचं काम नाही’ हे उत्तर फार वेळ टिकत नाही.

पंप मोठा म्हणजे चांगला नव्हे

४३ घनमीटर पाणी ६ तासांत एकदा फिरवायचं म्हणजे ताशी ७.२ घनमीटर. त्याला ६०० मिलिमीटर व्यासाचा सँड फिल्टर, १ अश्वशक्तीचा पंप आणि ६३ मिलिमीटरचे पाइप पुरतात. कोटेशनमध्ये ५०० मिलिमीटरच्या फिल्टरला २ अश्वशक्तीचा पंप दिसला तर कारण विचारा. वाळूतून पाणी फार वेगानं गेलं की ती वाट पाडते, घाण न अडता परत येते आणि पूल कायम गढूळ दिसतो. मग दोष क्लोरीनला दिला जातो. वाळू ०.४ ते ०.८ मिलिमीटर दाण्याची क्वार्ट्‌झ हवी, नदीची चालत नाही. मेन ड्रेन एकच कधीही नको. दोन, एकमेकांपासून लांब आणि एकाच पाइपला जोडलेले. एका जाळीवर मूल बसलं तरी ओढ दुसरीकडून राहते. दिवे १२ व्होल्टचे, पंपाच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच). या दोन गोष्टींत तडजोड करणाऱ्याला काम देऊ नका.

बोअरवेलचं पाणी असेल तर भरण्याआधी जडपणा तपासा. जड पाण्यानं टाइल्सवर आणि पाइपात पांढरे थर चढतात. पीएच ७.२ ते ७.८, मोकळं क्लोरीन १ ते ३ पीपीएम. हे दोन्ही मोजायचा किट हस्तांतरातच यायला हवा.

पावसाळा

पश्चिमेकडे, मुळशी-पानशेतच्या बाजूला, हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे आणि कोटेशनमध्ये तो सहसा नसतो. कातळात खोदलेला खड्डा पाणी धरून ठेवतो. पावसाचं पाणी भिंतीबाहेरच्या भरणीत उतरतं आणि खडकातून बाहेर जायला त्याला वाट नसते. आपल्या मापाच्या रिकाम्या टाकीचं वजन सुमारे ३५ टन. बाहेर तळापासून सुमारे १ मीटर पाणी चढलं की ते तिला तेवढ्याच जोरानं वर ढकलतं. त्याहून जास्त झालं की टाकी उचलली जाते, पाइप तुटतात आणि ती पुन्हा जागेवर बसत नाही. एफआरपीचा साचा तर त्याहून फार हलका. म्हणून जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यापासून ऑक्टोबरपर्यंत पूल रिकामा करायचा नाही, टाइल्सच्या दुरुस्तीसाठीसुद्धा नाही. बांधकाम अर्धवट असताना पाऊस आला तर टाकीत पाणी भरून ठेवायचं. तळाला हायड्रोस्टॅटिक रिलीफ व्हॉल्व्ह (बाहेरच्या पाण्याचा दाब वाढला की ते आत घेणारा), तळाभोवती खडीत छिद्रांचा पाइप, आणि एका कोपऱ्यात पाणबुडी पंप बसेल असा उभा पाइप, एवढं डिझाइनमध्येच असलं पाहिजे. स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीच्या ड्रॉइंगवर हे दाखवू न शकणाऱ्या ठेकेदाराकडे पुढची चौकशी करायची गरज नाही.

पैसे आणि वाद

हप्ते असे बांधा: अॅडव्हान्स १० टक्के, खोदाईला १०, आरसीसीला दोन टप्प्यांत ३०, पाण्याच्या चाचणीनंतर १५, टाइल्सनंतर १५, उपकरणं चालू झाल्यावर १०, आणि उरलेले १० टक्के पहिला पावसाळा पूर्ण निघाल्यावर. काही ठेकेदार शेवटच्या १० टक्क्यांवर नाक मुरडतात. त्याबदल्यात बँक गॅरंटी द्यायला तयार असतील तर तेही चालेल. जीएसटी १८ टक्के दरात धरला आहे की वेगळा, तेही लिहून घ्यावं. आवारातली जागा पुणे महापालिका, पिंपरी चिंचवड की पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) हद्दीत येते ते पाहून मार्जिनचा (हद्दीपासून मोकळ्या सोडायच्या जागेचा) प्रश्न आर्किटेक्टकडून आधीच सोडवलेला बरा.

ठेकेदार काम अर्धवट टाकून गेला तर रागानं लगेच दुसरा आणू नका. नव्या माणसानं एक घमेलं सिमेंट टाकलं की जुन्या दोषांचा पुरावा संपला. आधी स्वतंत्र इंजिनिअरकडून झालेल्या कामाचं मोजमाप, फोटो आणि जमेल तिथे पाण्याची चाचणी करून घ्या. त्याच्या अहवालासह ठेकेदाराला स्पीड पोस्टनं नोटीस द्या: काय अपुरं आहे, ते १५ दिवसांत पूर्ण करा, नाहीतर तुमच्या खर्चानं दुसऱ्याकडून करून घेऊ. नवा ठेकेदार जुन्या कामाची हमी घेणार नाही, आणि ते बरोबरच आहे. चाचणीच्या कागदावर दोघांच्या जबाबदारीची हद्द आखलेली असते, म्हणून तो कागद लागतो.

स्वतःच्या प्लॉटवर स्वतः नेमलेल्या ठेकेदाराची तक्रार महारेराकडे जात नाही. ती जाते ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर पुण्याच्याच आयोगात, ५ लाखांपर्यंत शुल्कही नाही. वादाचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत दाखल करावी लागते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद केली तर काही प्रकरणं तिथेच मिटतात. आयोगासमोर व्हॉट्सअॅपवरच्या बोलण्यापेक्षा सही केलेलं मोजमाप, क्यूबचा अहवाल आणि चाचणीच्या दैनंदिन नोंदी जास्त वजनदार ठरतात.

शेवटचा हप्ता देताना ताब्यात घ्यायच्या गोष्टी: पाइप नेमके कुठून गेलेत ते दाखवणारं ड्रॉइंग आणि ओतकामाआधीचे फोटो, पंप-फिल्टरची वॉरंटी कार्डं मालकाच्या नावावर, वॉटरप्रूफिंगचं हमीपत्र, आणि फिल्टरच्या मल्टिपोर्ट (पाण्याची वाट बदलणाऱ्या) व्हॉल्व्हच्या सहाही स्थितींचं प्रात्यक्षिक. बॅकवॉश (उलटं पाणी सोडून वाळू धुणं) कधी करायचा, हेही ठेकेदाराच्या माणसाकडून गेजवरच समजून घ्या: वाळू स्वच्छ असताना काटा जिथे असतो तिथे रंगाची खूण करायची, आणि त्याच्या अर्धा ते पाऊण किलो वर गेला की बॅकवॉश. पंप बंद केल्याशिवाय व्हॉल्व्हचा दांडा फिरवायचा नाही. आतलं गॅस्केट फाटतं, आणि ते वॉरंटीत येत नाही.