बाभूळ अन् सुगरण वॉक : पैसावसूल आहे, पण चप्पल घालून जाऊ नका

झाड अन् पक्ष्याची काय तुलना करणार बे, असं मित्र म्हणून राहिला होता. पण हा नेचर वॉक त्याच्यावरच आहे अन् भारी जमलाय. नागपुरात काटोल रोडला शहर संपल्यावर एक लहानसा तलाव आहे, काठाला बाभळी, त्यांच्यावर सुगरणीची घरटी लटकलेली, दोन तास फक्त तिथंच. बघितलेल्या पक्ष्यांची यादी वाढवायला इकडून तिकडं पळवत नाहीत हे बेस्ट.

गाईड दादाचं म्हणणं, दोघंही पावसाळ्याचे गडी. पाऊस लागला की बाभळीला पिवळे गोंडे येतात अन् सुगरण नराचं डोकंही तेव्हाच पिवळंधमक, सीझन संपला की नर अन् मादी ओळखू येत नाहीत. बाभूळ पानाच्या बुडाशी पांढऱ्या काट्यांच्या जोड्या ठेवून स्वतःला वाचवते, अन् हा पठ्ठ्या त्याच काट्यांच्या भरवशावर पाण्यावर घर टांगतो. नर अर्धंच विणतो, मग मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर खालची नळी पूर्ण करतो, नाहीतर ते तसंच सोडून दुसरं सुरू. म्हणजे बुकिंग झाल्यावरच पुढचं बांधकाम! अन् मादी अंडी घालून बसली की साहेब दुसऱ्या घरट्याच्या कामाला. खाली पडलेलं एक घरटं हातात घेऊन बघू दिलं, आतून चिखल लिंपलेला होता न.

रस्त्याकडची ऑस्ट्रेलियन बाभूळही दाखवली. तिला काटे नाहीत, अन् पानं वाटतात ते खरं तर चपटे झालेले देठ. २००५ मध्ये व्हिएन्नाच्या बॉटनी काँग्रेसमध्ये, म्हणजे वनस्पतिशास्त्रज्ञांच्या परिषदेत, बाभळीचं अकेशिया हे शास्त्रीय नाव या ऑस्ट्रेलियावाल्यांना दिलं अन् आपली बाभूळ झाली व्हॅचेलिया, हे ऐकून ग्रुपमधले एक काका भलतेच तापले, अर्धा तास तेच.

मायनस म्हणाल तर गर्दी फार अन् दुर्बीण एकच, ती फिरत फिरत माझ्यापर्यंत येईस्तोवर नर उडून गेलेला. शंभर रुपयात अजून काय पाहिजे म्हणा, पण माणसं तरी कमी घ्या राजेहो.

जुलै-ऑगस्टची बॅच घ्या, हिवाळ्यात ना गोंडे ना पिवळी डोकी. घरची दुर्बीण असेल तर न्या, अन् जाड सोलचे बूट घाला, बाभळीचा काटा स्लीपरमधून आरपार जातो.