किडनीच्या यादीत "नंबर वर आणून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका

कोल्हापुरात डायलिसिस सेंटरच्या बाहेर, चहाच्या गाड्यावर, चाळिशीतला एक माणूस पेशंटच्या नातेवाइकांशी ओळख काढतो. "माझ्या सख्ख्या भावाचं झालंय वहिनी, म्हणून सांगतोय," अशी त्याची सुरुवात असते. प्रतीक्षा यादीत नंबर वर आणून देतो असं सांगून त्याने आमच्याकडून साडेतीन लाख रुपये नेले. तक्रार दिली आहे, तपास सुरू आहे, म्हणून नाव लिहीत नाही. पण तो काय बोलतो आणि नेमका कधी बोलतो, हे किडनीची वाट बघणाऱ्या प्रत्येक घरात कळायला हवं.

माझ्या मिस्टरांच्या दोन्ही किडन्या बीपीने गेल्या. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास डायलिसिस. त्यांचा रक्तगट ओ, माझा बी, म्हणजे माझी किडनी जुळत नाही. सासूबाई एका पायावर तयार होत्या, पण त्यांना शुगर. दुसऱ्या कुटुंबाशी दात्याची अदलाबदल करायची सोय 2011 च्या कायदादुरुस्तीने झाली आहे, पण ओ गटाच्या पेशंटला तशी जोडी मिळणं फार अवघड. मग पुण्यातल्या एका हॉस्पिटलमार्फत मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठी नाव नोंदवलं. आपला कोल्हापूर जिल्हा पुण्याच्या झेडटीसीसीत, म्हणजे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रात येतो.

नाव लागलं तेव्हा सासूबाईंनी अंबाबाईची ओटी भरली. बॅग भरून दाराशी ठेवली. फोन वाजला की हातातलं काम टाकून सगळे धावायचे, आणि निघायचा लोनवाल्यांचा फोन. काही महिन्यांनी बॅग उघडून बघितली तर आत ठेवलेले शर्ट मिस्टरांना ढगळ व्हायला लागले होते. दुसरे आणून ठेवले. बरा दिवस असला की ते ऑपरेशननंतर पोटभर पाणी पिण्याच्या गोष्टी करायचे. वाईट दिवशी बर्फाचा खडा तोंडात धरून भिंतीकडे तोंड करून पडायचे आणि म्हणायचे, "माझं नाव काढून टाका, पोराच्या शिक्षणाला पैसे ठेवा." अशा वेळी काय उत्तर द्यायचं ते मला अजूनही सुचलेलं नाही.

हा माणूस आधी नुसता विचारपूस करायचा. पोटॅशियम किती आलं, फिस्टुला (डायलिसिससाठी हातात ऑपरेशनने जोडलेली रक्तवाहिनी) नीट चालतोय का, असं सगळं माहितगारासारखं. मग म्हणाला, "पुण्याच्या यादीत कोल्हापूरची माणसं मागं पडतात. अधिवासाचा कागद क्लिअर करून घ्या, पंधरा हजार लागतील." खरं तर नोंदणीसाठी अधिवासाची अट घालू नका आणि नोंदणीचे पैसे घेऊ नका, असं केंद्र सरकारने 2023 मध्येच राज्यांना कळवलं आहे. एवढी एक गोष्ट सेंटरच्या भिंतीवर कुणी लावली असती तरी त्याचं दुकान तिथेच बंद झालं असतं.

पुढे एका रात्री खरोखरच हॉस्पिटलचा फोन आला. किडनी मिळण्याची शक्यता आहे, काही खाऊ-पिऊ नका, लगेच निघा. कराड, सातारा कधी मागे पडलं कळलं नाही. गाडीत मिस्टर चक्क गुणगुणत होते. रक्त घेतलं, क्रॉसमॅचसाठी, म्हणजे दात्याशी जुळतं का ते बघायला, पाठवलं, तासन्‌तास बसलो. सकाळी डॉक्टरांनी सांगितलं की यादीत वर असलेल्या पेशंटशी जुळलं, तुम्ही राखीव होता. एका किडनीसाठी असे एकापेक्षा जास्त पेशंट बोलावतात, कारण वरच्याचं क्रॉसमॅच जुळलं नाही किंवा त्याला ताप असला तर किडनी वाया जाऊ नये. हे आम्हाला आधी सांगितलेलंही होतं. पण उपाशीपोटी, रिकाम्या हाताने परत येताना ते ऐकलेलं काही उपयोगी पडत नाही. परतीच्या वाटेवर कुणी कुणाशी बोललं नाही.

दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन. आम्ही पुण्याला जाऊन आलो हे त्याला कळलं होतं. "वहिनी, त्या माणसानं पैसे भरले म्हणून त्याला मिळाली. तुमचीच किडनी होती ती." या वाक्यासाठी मी त्याला कधी माफ करणार नाही. त्याने आमचे पैसे तर नेलेच, पण ज्या घरात त्या दिवशी कुणाचा तरी जीव वाचला होता, त्या घराला आमच्या घरातून शिव्या गेल्या. सासूबाईंनी स्वतःचा साज गुजरीत, सराफ बाजारात, मोडला. काही रक्कम गुगल पेने, बाकी रोख. बदल्यात त्याने शिक्का मारलेलं पत्र दिलं. त्यात "प्रतीक्षा क्रमांक 2" असं छापलं होतं.

पुढच्या रक्ततपासणीला गेलो तेव्हा हॉस्पिटलच्या समन्वयक मॅडमनी ते पत्र बघितलं आणि खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसल्या. असं पत्र कुणालाच दिलं जात नाही, म्हणाल्या. डायलिसिसवर किती काळ आहे, वय, फिस्टुला बंद पडलेत का, अशा गोष्टींचे गुण लागतात आणि त्यावर क्रम ठरतो. अवयव आला की रक्तगटाप्रमाणे त्या वेळची यादी निघते. कायमचा दोन नंबर असं काही नसतंच.

पैसे परत मागितल्यावर त्याने आवाज बदलला. "पोलिसात जा, तुम्हीच आत जाल. किडनीसाठी पैसे देणाराही गुन्हेगार असतो." 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात अवयवाच्या खरेदी-विक्रीला पाच ते दहा वर्षांची कैद आणि वीस लाख ते एक कोटी दंड आहे, हे खरं. त्याच कायद्याची भीती घालून तो लोकांची तोंडं बंद ठेवतो. आम्ही वकिलांना पत्र, पावत्या, मेसेज सगळं दाखवलं. ते म्हणाले, ही सरळ फसवणूक आहे, तक्रार द्या. ऑनलाइन गेलेल्या रकमेसाठी 1930 वर फोन केला, पण तोवर पैसे त्या खात्यातून पुढे गेले होते. तुमच्या बाबतीत असं झालं तर त्याच तासात 1930 लावा, रक्कम गोठवली जाण्याची शक्यता तेव्हाच जास्त असते.

यादीबद्दल काहीही शंका असली तर ज्या हॉस्पिटलमध्ये नाव नोंदवलंय तिथल्या प्रत्यारोपण समन्वयकांनाच विचारा. अवयव प्रत्यारोपणाची राष्ट्रीय संस्था नोटो, तिची हेल्पलाइनही आहे, 1800114770.

मिस्टरांचं नाव अजून यादीत आहे, फोन चोवीस तास चालू आहे. तक्रार दिल्यावर इचलकरंजीचं एक कुटुंब आम्हाला येऊन भेटलं. त्यांच्याकडे तसंच पत्र आहे, आणि क्रमांकही तोच, 2. त्यांनी जबाब दिला आहे. असं पत्र आणखी कुणाच्या फाइलमध्ये असेल तर फाडू नका. ते घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात या, आम्ही सोबत येऊ.