फ्यूज्जी की बोर्मिओ? आधी ठरवा, पाणी प्यायचंय की पाण्यात डुंबायचंय

इटलीच्या ट्रिपमध्ये दोन दिवस डोंगरातलं झऱ्याचं गाव घ्यायचं म्हटलं की ही दोन नावं हमखास येतात, आणि दोन्हीकडे 'तेर्मे' (म्हणजे झऱ्याच्या पाण्याचं आरोग्यकेंद्र) लिहिलेलं बघून लोक एकच समजतात, तिथेच घोळ होतो.

फ्यूज्जी (जपानचा डोंगर नव्हे) रोमच्या बाजूला, आणि तिथलं पाणी गार, म्हणजे आपल्या वज्रेश्वरीसारखी गरम कुंडं मनात धरून गेलात तर हिरमोड होणार. ते पाणी प्यायचं. सकाळी उपाशीपोटी 'बोनिफाचो आठवा' नावाच्या झऱ्याचं आणि दुपारनंतर आंतिकोलाना झऱ्याचं, ग्लास घेऊन बागेत फिरत फिरत. पहिल्या झऱ्याला ज्या पोपचं नाव दिलंय त्याला मुतखडा होता, आणि मायकेलअँजेलोनेही 1549 मध्ये पत्रात लिहिलंय की रोमपासून चाळीसेक मैलांवरच्या झऱ्याचं पाणी पितोय, खडा फुटतोय. ते इथलंच असं मानतात. तुम्हाला खडा असेल तर आधी डॉक्टरला विचारा हां. जुनं मध्ययुगीन गाव वर टेकडीवर, झरे आणि हॉटेलं खाली, त्यामुळे चढ आहेच. रोमच्या आनान्यीना मेट्रो स्टेशनवरून बस मिळते, आणि मजा सगळी उन्हाळ्यात.

बोर्मिओ म्हणजे पार आल्प्समध्ये, 1,225 मीटरवर, आणि पाणी खरंच गरम, उगमापाशी 40 अंशांच्या आसपास. बान्यी वेक्की या जुन्या स्नानगृहात डोंगरात खोदलेल्या गुहेत वाफ घ्यायची आणि मग बाहेरच्या कुंडात गळ्यापर्यंत बसून समोरचा बर्फ बघायचा, यासाठी माझं मत सरळ बोर्मिओला. स्विमिंग कॉस्च्युम मात्र न्या. गावात कुएर्क नावाचा मध्ययुगीन मंडप आहे, चारी बाजूंनी उघडा, तिथे पूर्वी न्यायनिवाडा चालायचा. शाकाहारी असाल तर पित्झोक्केरी खा, कुट्टूच्या पिठाच्या पट्ट्या, बटाटा, कोबी आणि भरपूर चीज, एका प्लेटमध्ये दोघं आडवे. 2026 च्या ऑलिंपिकमध्ये पुरुषांचं अल्पाइन स्कीइंग इथेच झालं, त्यामुळे हिवाळ्यात स्वस्ताईची आशा नको. स्तेल्वियो घाट (2,757 मीटर) बघायचा असेल तर उन्हाळ्यातच जा, हिवाळ्यात तो बंद असतो.

पण पोचायचं कसं, तर मिलानहून तिरानोपर्यंत अडीच तास ट्रेन आणि पुढे बस. म्हणून फक्त रोम करणार असाल तर बोर्मिओचा नाद सोडा, आणि मिलान किंवा स्वित्झर्लंड प्लॅनमध्ये असेल तर फ्यूज्जीचा. आल्प्समधून स्वित्झर्लंडला जाणारी बर्निनाची लाल ट्रेन तिरानोहूनच सुटते.