मुलांच्या पोटविकारांसाठी परळचं हे सेंटर: चार स्टार

लहान मुलाची एण्डोस्कोपी म्हटलं की ज्या आईबापांचं धाबं दणाणतं, त्यांच्यासाठी लिहितेय.

माझा अकरा वर्षांचा मुलगा मध्यरात्री पोट धरून उठायचा. वजनही उतरलेलं. भांडुपला हेलिकोबॅक्टर या जठरात राहणाऱ्या जंतूची रक्ततपासणी करून झाली होती. इथल्या डॉक्टर मॅडमनी तो रिपोर्ट बाजूला ठेवला. जंतू गेला तरी अँटिबॉडीज रक्तात बराच काळ राहतात, तेवढ्यावरून मुलांना औषध सुरू करत नाहीत, म्हणाल्या. पण झोपमोड करणारं दुखणं आणि घटलेलं वजन, म्हणून दुर्बिणीने बघायलाच हवं.

भूल देऊन एण्डोस्कोपी केली, शुद्धीवर येईपर्यंत मला त्याच्या उशाशी बसू दिलं. लहान आतड्याच्या सुरुवातीलाच अल्सर होता. जठराचा इवलासा तुकडा पिवळ्या जेलमध्ये ठेवतात, जंतू असला की जेल गुलाबी होतं. मॅडमनी ते आम्हाला दाखवलं. सासूबाई वडापावला दोष देत होत्या, त्यांनाही नीट समजावलं: तिखटाने जळजळ वाढेल, पण हा अल्सर जंतूमुळे झालाय. या जंतूमुळे पोटाचा आजार होतो हे दाखवायला बॅरी मार्शल नावाचे डॉक्टर तो स्वतः प्यायले आणि २००५ साली रॉबिन वॉरन यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं, हे ऐकून तर लेकाची कळीच खुलली.

दोन अँटिबायोटिक्स आणि ॲसिडची गोळी, १४ दिवस. तोंड कडू व्हायचं, पण नर्सताईंनी एकही डोस चुकू दिला नाही, फोन करून विचारायच्या.

धाकटीचं पोट शाळेच्या वेळेला दुखतं. तिचीही तपासणी करा म्हणून मी मागे लागले. मॅडमनी पोट चाचपलं, वजन-उंचीचा तक्ता पाहिला आणि सरळ नाही म्हणाल्या. बहुतेक मुलांना या जंतूचा काहीच त्रास नसतो, धोक्याची लक्षणं नसताना तो शोधत बसायचा नाही. खर्च करायला पालक तयार असताना नको म्हणणारे डॉक्टर मिळणं, यासाठी मी या सेंटरची ऋणी आहे.

एक स्टार कापला तो काउंटरसाठी. जंतू गेला का हे बघणारी श्वासाची तपासणी अँटिबायोटिक्स संपल्यावर ४ आठवड्यांनी आणि ॲसिडची गोळी बंद करून २ आठवडे झाल्यावर करतात, नाहीतर जंतू असूनही निगेटिव्ह येऊ शकते. काउंटरवर त्याच आठवड्याची तारीख देत होते, मॅडमची चिठ्ठी दाखवल्यावर बदलली. तारीख घेताना स्वतः मोजून घ्या. आमची तपासणी निगेटिव्ह आली.