शातो द बोकास्तेलची रेड: सहा वर्षांच्या आत उघडा, नाहीतर पंधरा वर्षं थांबा

बोकास्तेल या फ्रेंच मळ्याच्या रेड वाईनची बाटली चुकीच्या वयात उघडली की पैसे पाण्यात गेले म्हणून समजा. पहिली पाच-सहा वर्षं ही वाईन काळ्या चेरीनं, जांभळट फळांनी रसरसलेली असते. सातव्या वर्षाच्या आसपास ती मिटते. वास दबतो, तुरटपणा तेवढा पुढे येतो आणि एवढं नाव कशाचं, असा प्रश्न पडतो. ही अवस्था कधी बाराव्या, कधी चौदाव्या वर्षापर्यंत चालते. त्यानंतर मात्र चामडं, सुकं अंजीर, काळी ऑलिव्ह, तंबाखू असे एकेक थर उलगडत जातात, आणि चांगल्या हंगामाची बाटली तिशी सहज गाठते. दुकानात मिळणारी बाटली नेमकी आठ-दहा वर्षांची असेल, तर ती घेऊन ठेवून द्यावी. त्याच आठवड्याच्या जेवणासाठी दुसरं काहीतरी बघावं.

असं होण्याचं मुख्य कारण म्हणजे मूर्वेद्र हे द्राक्ष. फ्रान्सच्या दक्षिण ऱ्होन खोऱ्यातल्या शातोनफ-दु-पाप या भागात बहुतेकांच्या रेडमध्ये ग्रनाशचा भरणा असतो. ग्रनाश गोडसर, भरदार, पण हवेला लवकर शरण जाणारं. त्याचा रंग विटकरी व्हायला वेळ लागत नाही. मूर्वेद्रची जाड साल, भरपूर टॅनिन (तुरटपणा देणारा घटक) आणि हवेला दाद न देणारा स्वभाव याच्या अगदी उलट. बोकास्तेलमध्ये दोन्ही साधारण ३०-३० टक्के असतात. उरलेल्यात सिरा आणि कूनवाझ प्रत्येकी दहाएक टक्के, आणि मग सँसो, वाकारेझ, तेरे न्वार, म्युस्कार्दँ यांची चिल्लर. शातोनफच्या नियमांत परंपरेनं मोजल्या जाणाऱ्या तेराही जाती लावणाऱ्या मोजक्या मळ्यांपैकी हा एक. ‘तेरा द्राक्षांची वाईन’ हे जाहिरातीला बरं आहे, पण पेल्यात फरक पडतो तो मूर्वेद्र आणि कूनवाझमुळे. कूनवाझ मिरीसारखा चुरचुरीत वास आणि आंबटपणा देतं, दारूचा अंश मात्र फारसा वाढवत नाही. ग्रनाशच्या जडपणाला तोच उतारा.

मळा शातोनफच्या उत्तर टोकाला, कुर्तेझाँ गावाच्या हद्दीत आहे. मळ्याची शातोनफमधली बाग सुमारे ७० हेक्टर, आणि तीही बरीचशी एकसलग. वर नदीनं आल्प्समधून वाहून आणलेले गोल गुळगुळीत गोटे, खाली जुन्या समुद्राची वाळू आणि चिकणमाती. गोटे दिवसा तापतात, रात्री ऊब सोडतात, हे सगळेच सांगतात. ते जमिनीतला ओलावाही धरून ठेवतात, ते सांगायचं राहून जातं. मूर्वेद्रला दोन्ही हवं असतं. ते सगळ्यात शेवटी पिकतं आणि त्याची तोडणी अनेकदा ऑक्टोबरवर जाते. तोवर पाऊस आला तर सगळं गणित बिघडतं. मिस्त्राल हा उत्तरेचा कोरडा वारा इथे झाडं वाकवतो, पण घड सुकेही ठेवतो, त्यामुळे बुरशीचा त्रास कमी. रासायनिक खतं-फवारण्या मळ्यानं १९५०-६०च्या दशकांतच सोडल्या, सेंद्रिय शब्दाला बाजारभाव येण्याच्या कितीतरी आधी. हा मळा १९०९ मध्ये पिएर त्रामिए यांनी घेतला आणि पुढे जावयाच्या पेरँ कुटुंबाकडे आला. आजही तेच कुटुंब तो चालवतं.

जाक पेरँ यांनी रुळवलेली एक पद्धत इथली खरी ओळख आहे, आणि तिच्यावरून वाईनवाल्यांत वादही होतात. काळी द्राक्षं देठापासून वेगळी केली की ती नळ्यांमधून जातात आणि तिथे त्यांना काही क्षण ८० अंश सेल्सिअसचा चटका बसतो. तापते ती साल. आतल्या गरापर्यंत उष्णता पोचायच्या आत सगळा माल २० अंशांवर आणला जातो. हवेशी संयोग घडवून रस तपकिरी करणारी विकरं सालीतच मरतात, त्यामुळे वाईन टिकवायला घालतात ते गंधक या टप्प्याला कमी लागतं, आणि सालीचा रंगही लवकर सुटतो. धोका असा की चटका लांबला तर ताज्या फळाऐवजी मुरंब्याचा वास येतो. बोकास्तेलच्या तरुण बाटलीत तो येत नाही, यावरून काम किती नेमकं होतं ते कळतं.

पुढे प्रत्येक जात वेगळी आंबवली जाते. हवेला हळवं ग्रनाश सिमेंटच्या बंद टाक्यांत, तर मूर्वेद्र आणि सिरा लाकडी पिंपांत, कारण त्यांना थोडी हवा लागली तरच त्यांचा कोंदट वास जातो. मिश्रण झाल्यावर वाईन वर्षभर ओकच्या मोठमोठ्या पिंपांत मुरते. पिंप मोठं असल्यानं लाकडाशी संबंध कमी येतो; व्हॅनिला, टोस्ट असले वास शोधू नका, ते इथे नाहीत. ज्यांना नव्या ओकची गोडी लागली आहे त्यांना ही वाईन सुरुवातीला रासवट वाटेल.

या रासवटपणाला आणखी एक पदर आहे. १९८९ आणि १९९० या हंगामांचं मोठं नाव आहे, पण त्या काळातल्या बाटल्यांत तबेल्याचा, घोड्याच्या खोगिराचा वास येतो अशी ख्यातीही आहे. तो मातीचा गुण नव्हे, ब्रेटानोमायसिस नावाच्या यीस्टचं काम आहे. कमी आंबट मूर्वेद्र, बेताचं गंधक आणि जुनं लाकूड हे त्याला मानवतं. थोडा असेल तर खोली येते, जास्त झाला तर फळ झाकलं जातं. अलीकडचे हंगाम बरेच स्वच्छ आहेत. पण बाटलीत जिवंत यीस्ट उरलं असेल तर उकाड्यात ते पुन्हा वाढतं, म्हणून जुनी बाटली घेताना ती कुठे ठेवली होती हे आधी विचारावं.

मराठी वाचकाला गंमत वाटेल अशी एक गोष्ट: मळ्याच्या नव्या तळघराचा आराखडा बिजॉय जैन यांच्या स्टुडिओ मुंबईनं, एका फ्रेंच वास्तुविशारदासोबत, केला आहे. खोदकामात निघालेली मातीच ठोकून भिंती, पावसाचं पाणी साठवायला टाक्या आणि गारव्यासाठी मिस्त्रालचाच वापर.

हंगामांबद्दल थोडक्यात. २००१, २०१० आणि २०१६ डोळे झाकून घ्या. त्यातली २००१ आता प्यायला तयार आहे. २०१६ मिटायच्या वयात आहे, तिला हात लावू नका. २००७ मऊ, लवकर आवडणारी. २००३ उन्हाळ्यात होरपळलेली, तर २००२ च्या सप्टेंबरात या भागात पूर आला होता. २०१८ मध्ये डाउनी मिल्ड्यू या वेलींच्या रोगानं सेंद्रिय मळ्यांचं पीक फार गेलं, माल कमी आला.

‘ओमाज आ जाक पेरँ’ ही मळ्याची मानाची बाटली, पहिली १९८९ ची. जुन्या वेलींचं मूर्वेद्र त्यात निम्म्याहून जास्त असतं. किंमत साध्या बोकास्तेलच्या चार-पाच पट, आणि वीस वर्षांच्या आत ती पिणं म्हणजे नुसता तुरटपणा विकत घेणं. संग्राहक नसाल तर तिच्या वाटेला जाऊ नका. उलट ‘कूदूले द बोकास्तेल’ हा खरा सौदा. तिची बाग महामार्गाच्या पलीकडे, जमीन बरीचशी तशीच, पण शातोनफची हद्द तिथे संपते म्हणून लेबलवर नुसतं कोत-द्यु-ऱ्होन, म्हणजे ऱ्होन खोऱ्याचं सर्वसाधारण नाव. युरोपात ती साधारण एक तृतीयांश किमतीत मिळते आणि चार ते आठ वर्षांत उत्तम लागते. परदेशातून येताना माणशी २ लिटर दारू शुल्काशिवाय आणता येते, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या. एक बोकास्तेल आणि एक कूदूले आणावी.

मुंबई-पुण्याच्या घरात ती ठेवायची तर १३-१४ अंशांची वाईनची कपाटं लागतात. स्वयंपाकघरातल्या फडताळात मे महिना काढला की बूच वर सरकतं आणि त्याच्यावरच्या टोपीखाली चिकट ओघळ दिसतो. तसा ओघळ दिसला तर बाटली घेऊ नका. पंधरा-वीस वर्षांच्या बाटलीत बुचाच्या खाली दोन-तीन सेंटिमीटर मोकळी जागा चालते, चारच्या पुढे शंका घ्यावी.

उघडण्याआधी जुनी बाटली एक दिवस उभी ठेवा, साका तळाला बसतो. बूच भुसभुशीत निघण्याची शक्यता असते, तेव्हा स्क्रूऐवजी दोन पात्यांचं ओपनर वापरा. तरुण वाईन डिकँटरमध्ये (काचेच्या सुरईत) दोन तास हवी; विशीच्या पुढची वाढण्याच्या तोंडावरच ओता, नाहीतर वास उडून जातो. ‘रेड वाईन रूम टेंपरेचरला’ हा सल्ला थंड देशातला आहे. आपल्याकडे बाटली अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवून १६-१७ अंशांवर आणा, कारण दारूचा अंश १४ टक्क्यांच्या आसपास किंवा वर असतो आणि गरम वाईनमध्ये तोच नाकात जातो. तिखटाशीही त्याचं जमत नाही: तांबड्या रश्श्यासोबत तोंडाची आग दुप्पट होते. मंद आचेवर शिजलेलं, मिरी-दालचिनीचं, कमी तिखट मटण किंवा मुरलेलं चीज बरं. तरुण बाटली उरली तर बूच लावून फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवशीही छान लागते, विशीतली त्याच रात्री संपवावी.